गड एकच, वाटा तीन : हरिश्चंद्राला निघण्याआधी ठरवा

श्रावण जवळ आला की बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात एक विषय हमखास निघतो. बैलांचे सौदे उरकलेले असतात, चहाच्या टपरीवर चार गावची मंडळी टेकलेली असतात, आणि कुणीतरी म्हणतो, "पुढच्या सोमवारी बाजार राहू द्या एक दिवस, हरिश्चंद्राला जाऊन येऊ." लगेच होकार मिळतो. जीप ठरते, डिझेलची वर्गणी ठरते, भाकरी कुणी आणायची आणि ठेचा कुणी, तेही ठरते. ठरत नाही ती एकच गोष्ट. गडावर चढायचे कोणत्या वाटेने? त्यावर कुणी बोलतच नाही, कारण उत्तर सगळ्यांनी गृहीत धरलेले असते. खुबी फाटा, खिरेश्वर, तोलारखिंड. आपल्याच तालुक्यातली वाट, बापजादे त्याच वाटेने गेले, मग विचारायचे काय?

वाचकहो, आज त्या न विचारलेल्या प्रश्नावरच बोलायचे आहे. कारण या डोंगरावर माणसे बहुधा कड्यावरून पडून संकटात सापडत नाहीत. चुकीच्या दिवशी चुकीची वाट धरली, की सापडतात.

आपला आणि या डोंगराचा संबंध तसा जुना आहे, आणि तो नुसता देवदर्शनापुरता नाही. बेल्हे परिसरातल्या शिवारात पिंपळगाव जोगा धरणाच्या कालव्याचे पाणी येते. त्या धरणाची भिंत खुबी फाट्याजवळ आहे, आणि तिच्यावरूनच खिरेश्वरला जावे लागते. म्हणजे गडाच्या दक्षिण अंगाला पडणारा पाऊस आपण कांद्याला देतो, असे म्हटले तर फार चुकणार नाही. तरीही गड आपल्या हद्दीत नाही. खिरेश्वर जुन्नर तालुक्यात, पण माथा आणि मंदिर अकोले तालुक्यात, पूर्वीच्या अहमदनगर आणि २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. कोकणकड्याखालचे बेलपाडा ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात. तीन जिल्हे या एका डोंगराला टेकलेले आहेत, आणि तिन्हीकडून वर वाटा जातात. ही हद्दींची भानगड लक्षात ठेवा. पुढे मदत मागायची वेळ आली तर ती आडवी येते.

गडाची उंची समुद्रसपाटीपासून १४२४ मीटर. त्यावरचे तारामती शिखर त्याहून थोडे उंच. राज्यातले सर्वांत उंच कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे हरिश्चंद्र फार मागे नाही. पण आकड्याला घाबरू नका, आणि आकड्यावर विसंबूही नका. डोंगर किती चढायचा हे त्याच्या उंचीवर ठरत नाही, तुम्ही गाडी कुठे सोडता त्यावर ठरते. सह्याद्री कोकणच्या बाजूला भिंतीसारखा उभा तुटलेला आहे आणि देशाकडे पायरी पायरीने उतरलेला आहे. आपण देशावरचे, त्यामुळे खिरेश्वरला किंवा पाचनईला उतरलो की जवळजवळ निम्मा डोंगर गाडीनेच चढून झालेला असतो. बेलपाड्याचा माणूस मात्र कोकणपट्टीतून सुरुवात करतो. त्याला हजार मीटरहून जास्त अंगावर घ्यावे लागतात.

तीन वाटा

आधी बेलपाड्याची वाट सांगून मोकळा होतो. तिला नळीची वाट म्हणतात. कोकणकड्याच्या कुशीत पाण्याने कोरलेली अरुंद घळ आहे, तिच्यातून मोठमोठ्या धोंड्यांवरून चढत जायचे. काही कातळटप्प्यांना दोर लागतो. आठ-दहा तास सहज जातात, वरून दगड सुटतात. पावसाळ्यात ती वाट नसतेच, तो ओढा असतो. गावातली पोरं मोबाइलवर तिथले व्हिडिओ बघतात आणि "आपण का नाही?" म्हणतात. जाणकार बरोबर नसेल, दोर हाताळणारा नसेल, तर नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात कोकणकड्यावरून दोराने उतरायला गेलेला ठाणे-कल्याणकडचा एक गट कड्यावर अडकला होता. तो सुखरूप सुटला, पण ती तयारीची माणसे होती, त्यांच्याकडे दोर होते, आणि त्यांच्यासाठी धावून जाणारे गिर्यारोहक होते. आपण डब्यात भाकरी घेऊन निघणारी माणसे. हा विषय इथेच संपवू.

राहिल्या दोन. आपली खिरेश्वरची आणि अकोल्याकडची पाचनईची. खरी निवड या दोहोंतच आहे.

खिरेश्वरहून झाडीतून चढत तास-दीड तासात तोलारखिंड लागते. खिंडीत दगडात कोरलेला वाघ आहे. येणारे-जाणारे त्याच्यापुढे हात जोडतात. (उसातल्या बिबट्याबरोबर दिवस काढणाऱ्या आपल्या माणसाला या वाघाची भीती वाटण्याचे कारण नाही. तो गरीब आहे.) खिंडीतून सरळ पलीकडे उतरलात तर कोथळे गाव येते. गडाकडे जायला डावीकडे वळून कातळावर चढावे लागते. तिथे रेलिंग लावलेले आहे, पकडीला बरे पडते. हा टप्पा दिसायला अवघड आहे, म्हणून सगळे तिथे जपून चालतात, बायाबापड्यांना हात देतात. तो पार पडला की सगळे म्हणतात, "झाला गड!"

तिथेच फसगत होते. कारण गड झालेला नसतो. कातळ संपल्यावर लांबलचक पठार सुरू होते. एक टेकाड चढा, उतरा, पुन्हा दुसरे. मधे कारवी, मधे दाट झाडी, बालेकिल्ल्याच्या डोंगराला वळसा. मंदिर दिसेपर्यंत आणखी दोन ते तीन तास. या पठारावर धोका असा काही दिसत नाही. कडा नाही, घसरण नाही. पण गुरांच्या पायवाटा इकडून तिकडून फुटलेल्या आहेत, आणि एक टेकाड दुसऱ्यासारखेच. उन्हाळ्या-हिवाळ्यात दूरचे दिसते म्हणून वाट सापडते. ढग खाली उतरला की पंधरा पावलांवरचा माणूस दिसत नाही. दगडांवर रंगाने बाण काढलेले आहेत, पण तेही जवळ गेल्यावर दिसणार, आणि जवळ कशाच्या जायचे हेच कळत नाही.

पाचनईची वाट याच्या अगदी उलट. गाडी गावापर्यंत जाते. वन विभागाच्या नाक्यावर नोंद आणि शुल्क, की लगेच चढ सुरू. सुरुवातीला दम निघतो, मग मोठ्या कातळकड्याच्या पोटाखालून वाट जाते, डोक्यावर दगडाचे छप्पर असावे तशी. पुढे ओढ्याच्या काठाकाठाने, कधी तो ओलांडत, थेट मंदिराच्या आवारात. दोन ते तीन तासांत साधारण चालीचा माणूस पोचतो. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला ओढ्याची दरी, त्यामुळे धुक्यातही भलतीकडे भटकायला जागाच थोडी. ओढा हीच वाटाडी. अर्थात त्याच ओढ्याला लोंढा आला तर ओलांडू नये, थांबावे. डोंगरातला ओढा जसा चढतो तसा ओसरतोही.

मग पाचनई का नको? तर लांब पडते म्हणून. बेल्ह्याहून खुबी फाटा म्हणजे कल्याण रस्ता धरला, आळेफाटा, ओतूर, मढ करीत सरळ. पाचनईला आळेफाट्याहून किंवा ओतुराहून ब्राह्मणवाडा, कोतूळ असे वळसे घेत जावे लागते. गाडीचा वेळ वाढतो, डिझेल वाढते, रस्ता घाटाचा. वर्गणीत शंभर-दोनशे रुपये जास्त पडतात म्हणून मंडळी खिरेश्वर धरतात. म्हणजे गाडीचा वळसा वाचवून तोच वळसा पायांवर घेतात, तोही धुक्यात.

एव्हरेस्टची गोष्ट या ठिकाणी सांगण्यासारखी आहे. १९२१ पासून इंग्रजांनी त्या शिखरावर मोहिमा काढल्या, त्या सगळ्या उत्तरेकडून, तिबेटातून. दुसऱ्या महायुद्धापर्यंत माथा काही गाठता आला नाही. पुढे तिबेटची बाजू बंद झाली आणि नेपाळची उघडली, तेव्हा दक्षिणेकडची वाट शोधली गेली, आणि १९५३ मध्ये तेनसिंग आणि हिलरी त्याच वाटेने माथ्यावर पोचले. पर्वत तोच होता. बाजू बदलली.

बेल्ह्याचे आभाळ आणि गडाचे आभाळ

आता सगळ्यांत महत्त्वाचे. आपण पर्जन्यछायेतली माणसे. श्रावणात आपल्याकडे ऊन-पावसाचा खेळ चाललेला असतो, कधी कधी तर पिके माना टाकतात. सकाळी उठून आभाळाकडे बघायचे, "उघडलंय की" म्हणायचे आणि जीप काढायची. पण शेतकरीबंधूंनो, बेल्ह्याचे आभाळ पाहून गडाचा अंदाज बांधणे म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीत डोकावून आपल्या विहिरीचे पाणी मोजण्यासारखे आहे. कोकणातून येणारा ओला वारा कोकणकड्याच्या भिंतीवर आदळतो, वर उचलला जातो, गार होतो, आणि त्याचा ढग तिथेच माथ्यावर बनतो. त्यामुळे ओतूर ओलांडेपर्यंत कोरडा रस्ता, मढच्या पुढे भुरभुर, आणि खुबी फाट्यावर वायपर लावावे लागतात, हा अनुभव प्रत्येक ड्रायव्हरला आहे. ज्या वाऱ्याने माळशेजला पर्यटक खेचून आणले तोच वारा वर पठारावर धुके घालून बसलेला असतो.

याच ढगांमुळे कोकणकड्यावर एक अपूर्व दृश्य दिसते. पाठीशी ऊन आणि समोर दरीत धुके असेल तर पूर्ण गोल इंद्रधनुष्य दिसते आणि त्यात आपलीच सावली. त्याला इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५ मध्ये ते इथे पाहिल्याची नोंद सांगितली जाते. दिसले तर भाग्य समजा. मात्र ते पाहायला कड्याच्या काठाशी उभे राहू नका, पोटावर पालथे पडून बघा. वाऱ्याचा झोत कधी उलटा येईल सांगता येत नाही.

ओल, वारा आणि थंडी यांचे गणित आपल्या माणसाला पटत नाही. "ऑगस्टात कशाची थंडी?" असे तो विचारतो. त्याला डिसेंबर २०२१ ची आठवण द्यावी. महिन्याच्या सुरुवातीलाच अवकाळी पाऊस आणि गार वारा एकत्र आले, आणि जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर भागात धनगरांच्या मेंढ्या रात्रीतून मोठ्या संख्येने दगावल्या. अंगावर लोकर असलेले जनावर ओले होऊन वाऱ्यात उभे राहिले, की त्याची ऊब जाते. मग सुती सदरा आणि पायजमा घातलेल्या माणसाचे काय? ओले कापड अंगाला चिकटून राहते, वारा त्यातून ऊब ओढत राहतो. आधी हुडहुडी भरते, मग बोलणे अडखळते, मग माणूस "मला झोपू द्या" म्हणतो. ही झोप नव्हे, हा अखेरचा इशारा. ओले कपडे काढा, कोरडे घाला, दोघांनी चिकटून बसवा, गरम गोड चहा द्या, आणि दारू चुकूनही देऊ नका. दारूने ऊब आल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात अंगातली ऊब बाहेर पडते.

हे सारे पुस्तकी नाही. २०२३ च्या ऑगस्टच्या सुरुवातीला पुण्याहून आलेल्या तरुणांचा एक गट तोलारखिंडीच्या वाटेवर पावसात आणि धुक्यात वाट चुकला. रात्र उघड्यावर काढावी लागली आणि त्यांच्यातला एक जण थंडीने गेला. ऐन तिशीतला तरुण. तो कड्यावरून पडला नव्हता. आपण ज्या वाटेला "आपली, सोपी" म्हणतो, तिच्यावरच हे घडले.

प्रस्तुत लेखकाचीही एकदा अशीच फजिती झाली होती. फजितीवर निभावले म्हणून लिहायला उरलो. श्रावणात सात-आठ जण खिरेश्वरहून चढलो. खिंड गाठेपर्यंत साडेअकरा वाजले. कातळ चढून पठारावर अर्धा तास चाललो आणि ढग उतरला. दोघे म्हणाले पुढे, तिघे म्हणाले मागे, उरलेले गप्प. पुढे चाललो. तासाभराने एका झाडाखाली कुणीतरी टाकलेली बिडीची काडेपेटी दिसली. ती आमचीच होती. गोल फिरून तिथेच आलो होतो. त्या दिवशी एका वडीलधाऱ्या गड्याने डोके चालवले. म्हणाला, "देव इथूनच पावला म्हणायचं, फिरा माघारी." कातळाच्या रेलिंगला हात लागला तेव्हा चार वाजून गेले होते. खाली उतरलो तो अंधारातच. मंदिर पाहिले ते पुढच्या शिवरात्रीला.

घड्याळाचा हिशेब

निघण्याच्या आदल्या रात्री कागदावर एवढा हिशेब मांडा. खिरेश्वरहून वर चार ते पाच तास. मंडळी वयस्क असतील तर पाचच धरा. मंदिर, केदारेश्वर आणि जेवण दोन तास. उतरायला साडेतीन-चार. बेरीज अकरा तास. कातळाचा टप्पा उजेडात उतरायचा असेल तर सकाळी सहाला खिरेश्वर सोडायला हवे, म्हणजे बेल्ह्याहून पहाटे साडेतीन-चारला निघायला हवे. आता खरे सांगा, तुमची जीप कधी चारला सुटली आहे? धारा काढायच्या, दूध डेअरीला घालायचे, मग कुणाची तरी वाट बघायची. साडेसहा-सात होतात. खिरेश्वर नऊ. म्हणजे परत खाली पोचायला रात्रीचे आठ. श्रावणात, ढगात, बॅटरीच्या उजेडात.

तीच मंडळी, तीच उशिराची जीप, पण पाचनईहून? गाडीला तासभर जास्त लागला आणि दहाला चढायला लागलात, तरी एक वाजता मंदिरात, तीनला निघून पाचला खाली. हिशेब बसतो. म्हणून या लेखकाचे स्पष्ट मत आहे की पावसाळ्यात, आणि बरोबर लहान मुले किंवा साठीपुढची माणसे असतील तर कोणत्याही ऋतूत, पाचनई धरावी. खिरेश्वरची वाट दिवाळीनंतर महाशिवरात्रीपर्यंतची आहे. त्या दिवसांत ती फार सुंदर आहे. पठारावर गार वारा असतो, दूरवरचे डोंगर दिसतात, आणि चालल्याचे समाधान पाचनईहून मिळत नाही तेवढे मिळते. शिवरात्रीला मात्र उन्हाचा ताप वाढलेला असतो, तेव्हा माणशी तीन लिटर पाणी हवेच. मार्चनंतर दुपारी त्या पठारावर जाऊ नये.

आणखी एक वेळ ठरवा, परतीची. एव्हरेस्टवर चढणारे आधीच ठरवतात की अमुक वाजता माथा आला नाही तर जिथे असू तिथून मागे फिरायचे, बहुधा दुपारी दोन. मे १९९६ मध्ये काही जण ती वेळ उलटून गेल्यावरही वर चढत राहिले, वादळात सापडले, आणि दोन दिवसांत आठ जण मेले. त्यांत पैसे घेऊन लोकांना शिखरावर नेणारे कसलेले वाटाडेही होते. हरिश्चंद्राला आपण एवढेच ठरवू : बारा वाजेपर्यंत पठार अर्धे झाले नाही किंवा त्याआधीच ढग उतरला, की परत. हे खाली, जीपपाशी, सगळ्यांसमोर ठरवायचे. वर गेल्यावर ठरवायला गेले की मानापमान आड येतात. आणि चाल धरायची ती मागच्या माणसाची. तगड्या पोरांना पुढे पळू देऊ नका. एकाला सगळ्यांच्या मागे ठेवा, त्याने कुणाला मागे टाकून पुढे यायचे नाही.

मंदिरात पोचल्यावर काय पाहायचे ते सांगायला वेगळा लेख लागेल. एकाच दगडातून उगवल्यासारखे उंच शिखर, पुढ्यात पुष्करणी, आणि थोड्या खाली केदारेश्वराची गुहा. मधे मोठी पिंड, भोवती कमरेच्या वर गार पाणी, आणि चार खांबांपैकी उरलेला एक. तो पडला की जग बुडणार, असे म्हणतात. भर पावसात गुहेपुढून पाणी वाहत असते, तेव्हा दुरूनच हात जोडा. चांगदेवांनी याच गडावर शके १२३४ मध्ये, म्हणजे इसवी सन १३१२ मध्ये, तत्त्वसार हा ग्रंथ लिहिला. सातशे वर्षांपूर्वी ते कोणत्या वाटेने चढले असतील, याचा विचार चढताना दम खाताना करावा.

सरपंच, पोलीस पाटील यांच्यासाठी

गावातून गाडी जाते तेव्हा तिची नोंद कुठेच नसते. मोबाइल असल्यापासून सगळ्यांना वाटते की काही झाले तर फोन करू. पठारावर आणि दरीत रेंजचा भरवसा नाही, आणि पावसात भिजलेला फोन चालत नाही. म्हणून साधी गोष्ट करा. जाणाऱ्यांची नावे, गाडीचा नंबर, कोणत्या वाटेने जाणार आणि रात्री किती वाजेपर्यंत परत येणार, एवढे एका कागदावर लिहून पोलीस पाटलांकडे किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (कालपरवापर्यंतचे आपले ग्रामसेवक) ठेवा. ठरल्या वेळेनंतर दोन तासांत निरोप नाही आला, की गावाने हालचाल करायची. सकाळची वाट बघायची नाही.

आणि इथेच हद्दींची भानगड येते. ११२ वर फोन लागला तर "हरिश्चंद्रगडावर अडकलोय" एवढ्याने भागत नाही. कोणत्या बाजूने चढला ते सांगा. खिरेश्वर बाजू ओतूर पोलीस ठाण्याकडे येते, पाचनई आणि माथा राजूरकडे, बेलपाडा टोकावड्याकडे. चुकीच्या जिल्ह्यात निरोप गेला तर तासन् तास जातात. जखमी असेल तर १०८. शोधायला आधी जातात ते मात्र पायथ्याच्या गावांतले लोक आणि गिर्यारोहक संस्थांचे स्वयंसेवक. त्यांना वाट आणि वेळ नेमकी सांगता आली, तर त्यांचे निम्मे काम होते.

पावसाळ्यात जिल्हा प्रशासन काही ठिकाणी मनाई आदेश काढते. पूर्वी तो कलम १४४ खाली निघे, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. तो निघाला आहे का, याची चौकशी तहसील कचेरीत आदल्या दिवशी एका फोनवर होते. शिवाय हा सगळा भाग १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे, तेव्हा चूल पेटवणे, झाड तोडणे, प्लास्टिक टाकणे हे गुन्हे आहेत, हौस नव्हे. कड्यांना आग्या मोहळे असतात. धूर आणि आरडाओरडा त्यांना खपत नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

एक आक्षेप येणार हे ठाऊक आहे. "सगळ्यांना पाचनईला धाडलंत, तर खिरेश्वरच्या लोकांनी काय करायचं?" प्रश्न रास्त आहे. तिथल्या घरांतून येणाऱ्यांना जेवण मिळते, राहायला पडवी मिळते, त्यावर चार पैसे सुटतात. धरणात जमिनी गेल्या त्या त्यांच्या, पाणी मिळाले ते आपल्याला. म्हणून खिरेश्वर सोडा असे म्हणत नाही. हिवाळ्यात आवर्जून तिथूनच जा, आणि गावातला एक वाटाड्या बरोबर घ्या. त्याची मजुरी सकाळीच ठरवा आणि घासाघीस करू नका. बैलाच्या सौद्यात पाचशे रुपयांसाठी तासभर रुमालाखाली बोटे दाबणारा माणूस वाटाड्याच्या मजुरीवर पन्नास रुपयांसाठी हुज्जत घालतो, हे बरे दिसत नाही. धुके उतरल्यावर त्या पठारावर बाण दिसत नाहीत तेव्हा तोच बाण असतो.

आणि ज्यांच्याने गड होणार नाही, गुडघे धरले आहेत, छातीत धाप लागते, त्यांनी जीपमध्ये बसून कंटाळण्याची गरज नाही. खिरेश्वरात गावाजवळच नागेश्वराचे जुने मंदिर आहे. वरचे मंदिर पाहायला पळणारे त्याच्याकडे वळूनही बघत नाहीत. आत शिरा, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या आणि मान वर करून छतावरचे कोरीवकाम बघा. बाहेर आलात की समोर धरणाचे पाणी पसरलेले असते. कालव्याला सुटले की तेच पाणी पुढे आपल्या शिवारात येते.